नकार न कळवल्यास

"हॅलो? … हो, बोल. … जेवतेय. डबा समोरच उघडा आहे, तू बोल. … आईची गोळी? पांढरी सकाळी, पिवळी संध्याकाळी अर्धी. … अरे, हे विचारायला तू दुपारी सव्वा वाजता ऑफिसच्या नंबरवर फोन केलास?"

धाकटा भाऊ तिच्या ऑफिसात कधी फोन करत नसे. तो गॅस कंपनीत, ग्राहक संपर्क विभागात. ती पर्यावरण खात्यात, तिसऱ्या मजल्यावर, हरकतींच्या टेबलावर. नव्या इमारतींना यापुढे गॅसची नळजोडणी द्यायची नाही, असा नियम खात्यानं मसुद्यात घातला होता आणि लोकांची मतं मागवली होती, साठ दिवसांच्या मुदतीत. साठाव्या दिवशी दुपारी कंपनीचा टेम्पो खाली येऊन उभा राहिला. अकरा हजार चारशे पत्रं. सगळी ग्राहकांची, सगळी नियमाच्या विरोधात, सगळ्यांचा मजकूर एकच.

खात्याच्या रीतीप्रमाणे दर शंभरावं पत्र बाजूला काढायचं आणि त्यावरच्या नंबरवर फोन करून विचारायचं, हे तुम्हीच लिहिलंत का. दोन दिवस ती तेच करत होती. आज सकाळी त्रेसष्टावं पत्र निघालं ते बाबांचं. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती.

"हो, मिळालं. … नाव बाबांचं, पत्ता आपल्या घराचा, ग्राहक क्रमांकही आपलाच. … थांब. तुला कसं कळलं? … नाही, आधी हे सांग. मी घरी बोलले नाही, शेजारच्या टेबलावर बोलले नाही. साडेदहाला एक चिठ्ठी लिहिली आणि साहेबांच्या हातात दिली. … बोल ना. … हं. म्हणजे आमच्या साहेबांकडून तुमच्या साहेबांकडे, आणि तिथून तुझ्याकडे. पावणेतीन तासांत. इथं तळमजल्यावरची फाइल वर यायला आठवडा लागतो रे."

साहेबांच्या केबिनला काचेचं दार होतं. साहेब पाठमोरे बसून मोबाइलवर बोलत होते. तिनं डब्याचं झाकण लावलं.

"संमती? कुणाची? … बिलाच्या मागे? मी नाही पाहिलं. वाच बरं. … पुन्हा वाच. … 'पंधरा दिवसांत नकार न कळवल्यास आपली संमती गृहीत धरून आपल्या नावे पत्र पाठवण्यात येईल.' … हो, मग बरोबर आहे तुमचं. बाबांनी नकार कळवला नाही. … हसू नकोस. मी विनोद केलेला नाही."

बिल अजून बाबांच्याच नावानं येत होतं. जोडणी आईच्या नावावर करून घे, असं तिनं भावाला तीनदा सांगितलं होतं. अर्ज त्याच्याच खणात पडून असायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं ती आताही म्हणाली, पण आवाज न चढवता. तो चढवायची तिला सवय नव्हती.

"मजकूर कुणी लिहिला? … भांडत नाही, विचारतेय. … तू? … सगळा? … मग ही ओळही तुझीच. ऐक. 'तापमान वाढत असल्याचे कोणतेही लक्षण मी माझ्या आयुष्यात पाहिलेले नाही.' … हो, अकरा हजार पत्रांत आहे, मला माहीत आहे. पण हे बाबांच्या नावाखाली आहे रे."

बाबा वेधशाळेत निरीक्षक होते. एकतीस वर्षं रोज सकाळी साडेआठला ते तापमापकासमोर उभे राहत. ताप असला तरी जात. मग एक तापमान अंगाचं आणि एक हवेचं, असं आई म्हणायची. पारा जिथं असेल तिथंच लिहायचा, डोळ्यांच्या रेषेत आणून, शाईनं, आणि शाई वाळल्याशिवाय वही मिटायची नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर एकतीस वर्षांचा आलेख काढून मोरीजवळच्या भिंतीला चिकटवला होता. उजवीकडे वर चढत जाणारी ती रेघ दोघा भावंडांनी रोज दात घासताना पाहिली होती.

"आठवतो ना आलेख? … मग? … कामाचा भाग. बरं. … काय करू म्हणतोस? … फक्त बाबांचं काढू? गुपचूप. आणि बाकीचे मेलेले चालतील? … टोमणा नाही, आकडा सांगते. बासष्ट फोन केले. सात जण मयत. पंचेचाळीस जणांना पत्राचा पत्ताच नाही. आठ जणांनी उचलला नाही. दोघं हो म्हणाले, त्यांतला एक तुमच्या कंपनीचा ड्रायव्हर. … नाही. एक पत्र काढलं तरी बाकीचे आकडे तेच राहतात."

तो बराच वेळ बोलत राहिला. ती मध्ये मध्ये हो म्हणत होती. नोकरी जाईल, हो. मुलीची शाळा कंपनीची, हो. आईचा दवाखाना कंपनीचा, तेही हो. यातलं काहीच खोटं नव्हतं.

"कळतं रे मला. … लहानपणापासून तुझी बाजू कोण घेत आलं? … पण नियम असा आहे की पत्रावरच्या नंबरवर फोन लावायचा. … हो, बाबांचाच नंबर. आईकडे असतो तो फोन. … अजून नाही लावला. … आईला नको? मग कुणाला विचारू, बाबांना? … हॅलो? … हॅलो?"

फोन बंद झाला होता.

तिनं तपासणीचा कागद पुढं ओढला. त्यावर तीन चौकोन होते: होकार, नकार, प्रतिसाद नाही. खाली साहेबांनी सोमवारी एक ओळ वाढवून घेतली होती: प्रतिसाद नसल्यास होकार समजावा. ओळ वाढली तेव्हा ती तिथंच उभी होती. तिनंही हरकत कळवली नव्हती.

तिनं पत्रावरचा, बाबांचा नंबर फिरवला. व्यस्त. पुन्हा फिरवला. व्यस्त. कोण बोलत असेल आणि काय शिकवत असेल, हे तिला न ऐकताही कळत होतं. मग तिचा स्वतःचा मोबाइल टेबलावर थरथरला. पडद्यावर अक्षरं होती: बाबा. चार वर्षांत तिनं ते नाव बदललं नव्हतं.

"हॅलो? … हो आई, मीच. … त्यानं काय सांगायला सांगितलंय ते नको सांगूस. … हो, त्याची नोकरी. … हो, तुझी औषधंसुद्धा. … नाही, भांडलो नाही. … अगं ऐक ना. आई, ऐक. मी एकच प्रश्न विचारते. सगळ्यांना विचारते तोच. … हे पत्र बाबांनी लिहिलंय का?"

तिकडे नळ चालू होता. तो बंद झाल्याचा आवाज आला.

"… आई? … हो म्हण किंवा नाही म्हण. … मला लिहावं लागेल, आई. … आई, तू रडतेयस का? … बरं. नको बोलूस. … ठेव."

आईनं फोन ठेवला. उत्तर आलं नव्हतं, म्हणजे तिसरा चौकोन. आणि तिसरा चौकोन म्हणजे होकार. संध्याकाळी पाचला साहेबांकडे जाणाऱ्या तक्त्यात बाबा कंपनीच्या बाजूनं मोजले जाणार होते.

तिनं एकाही चौकोनात खूण केली नाही. तिन्ही चौकोनांवरून आडवं लिहिलं: मयत. शेवटच्या रकान्यात माहिती देणाऱ्याचं नातं विचारलं होतं. तिथं लिहिलं: मुलगी.

साहेबांनी काचेचं दार अर्धं उघडून, तो त्रेसष्ट नंबरचा कागद जरा आत घेऊन या, असं सांगितलं. आणते म्हणाली ती, पण उठली नाही. शाई अजून ओली होती.