फक्त आपण दोघं

डॉक्टरीणबाईंच्या दाराशी मावशी पलीकडच्या खोलीतली सुनेची सोनोग्राफी संपायची वाट बघत बसल्या होत्या. हातातलं विणकाम नावापुरतं, कान मात्र शेजारच्या जोडप्याकडे.

“बाळ आलं की संपलंच गं सगळं! म्हणून तर हे बेट. खोलीच्या पायरीखाली समुद्र. फक्त आपण दोघं!”

“आणि तिथं करायचं काय?”

“सकाळी मी पाण्याखाली मासे बघायला जाणार.”

“आणि मी?”

“तू बस ना काठावर निवांत. माझे कपडे, मोबाइल तुझ्याकडे.”

“दुपारी?”

“शिडाची होडी. तुला ती झेपायची नाही. तू लांबून फोटो काढ.”

“संध्याकाळी तरी?”

“संध्याकाळी मालिश. पण गरोदर बायकांना चालत नाही म्हणे, म्हणजे माझीच. अगं, तोंड काय पाडतेस? तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं!”

तेवढ्यात आतून तिला बोलावलं.

“तू ये जाऊन. मी तोवर होडीवाल्याशी बोलून घेतो.”

तो फोन कानाला लावून खिडकीकडे गेला. दार नीट लागलंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंचा आवाज मावशींना स्वच्छ ऐकू आला.

“खुशाल जा की! सगळं छान आहे.”

ती बाहेर आली ती चेहरा उतरवूनच.

“प्रवास अजिबात नको म्हणाल्या.”

“अरे देवा! मग... मी एकटाच जाऊ? तुला वाईट नाही ना वाटणार?”

“वाटेल रे. पण बाळासाठी सोसेन मी. तू मात्र चार दिवसांचे आठ कर.”

मावशींच्या सुईवरून सगळे टाके ओघळले.