फ्लॉपीला हळदीकुंकू

…आणि वर मलाच विचारतात, "कॉपी ठेवली न्हाईस व्हय रं?" विचारणारं कोण? तर आमचा गुंडामामा! आयुष्यात एकदाच कॉपी केली, दहावीच्या परीक्षेला, आणि तीही पायमोज्यात सापडली! तो मला शिकवतोय! तुम्हाला सांगतो, आमच्याकडं माणसाचं काही बुडालं की वडीलधाऱ्यांच्या अंगात शहाणपण संचारतं. बुडत असताना एकजण हात देणार नाही, पण बुडाल्यावर काठावर ही गर्दी… "आसं करायला पायजे हुतं." अहो, मग तेव्हा कुठं गेला होता?

तर बुडालं काय, ते आधी सांगतो. सात गोष्टी. मी लिहिलेल्या. दोन वर्षं खपून लिहिलेल्या. इंटरनेटवर 'ओसरी' नावाची एक जागा होती, अमेरिकेत न्यू जर्सीला राहणाऱ्या कुणा दीक्षितांनी मांडलेली. आपण मराठीतून गोष्ट टाईप करून पाठवायची, ते ती तिथं लावायचे, आणि जगभरातले मराठी लोक वाचायचे. जगभरातले म्हणजे माझ्या गोष्टींना मोजून एकोणचाळीस, त्यातली दहा-बारा वेळा मीच उघडून बघितलेली. पण एका बाईनं कॅनडातनं लिहिलं होतं, "गोष्ट वाचून माझे सासरे आठवले, राग आला, छान." राग आला, छान! असं मला उभ्या सांगली जिल्ह्यात कुणी म्हणालं नव्हतं हो. इथं नुसताच राग येतो.

कागदावर का नाही लिहिलं म्हणता? लिहिलं की! वही केली होती. एक पान आईनं लोणच्याच्या बरणीला बांधलं, चार पानं बंब पेटवायला गेली, आणि उरलेली वही गुंडामामानं वाचली आणि चारचौघात मला धरलं, "ह्यात मामा दारू पिऊन वरातीत पडतो आसं लिवलंय, ह्यो कुठला मामा?" मला एकच मामा आहे! त्या दिवशी ठरवलं, आता लिहायचं ते अशा ठिकाणी, जिथं या लोकांचा हात, पाय, चष्मा, काही पोचणार नाही. कारण माझ्या गोष्टीत दुसरं असणार कोण? हीच म्हातारी मंडळी! मला दुसरं काय दाखवलंय यांनी?

मग रोज सकाळच्या एस.टी.नं सांगली. घरच्यांना वाटायचं, पोरगं इंजिनिअर व्हायला निघालंय. पोरगं दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडून जोतीरामच्या एस.टी.डी. बूथमध्ये बसलेलं, पडद्यामागं, जिथं त्यानं दोन कंप्युटर मांडून इंटरनेट सुरू केलं होतं. घरी सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला? आमचे आबा, म्हणजे वडील, आर्मीतले रिटायर हवालदार, लालासाहेब. घरात बोलायचं म्हणजे रांगेत उभं राहिल्यासारखं, विचारलं तर उत्तर, नाहीतर नजर समोर.

आणि ऑक्टोबरात 'ओसरी'वर पाटी लागली. दीक्षितांची भाषा बघा हं, "सप्रेम नमस्कार! नोकरीतील बदल आणि घरी आलेला नवा छोटा पाहुणा यामुळे ओसरी १७ तारखेपासून कायमची बंद करीत आहोत. आपापले लेखन कृपया उतरवून घ्यावे." सप्रेम! अहो, भाडेकरूला काढताना तरी महिन्याची मुदत देतात! माझ्या नजरेला ही पाटी पडली कधी? सोळाला!

धावत जोतीरामकडं. म्हटलं, फ्लॉपी दे. म्हणाला, "एका फ्लॉपीवर ठिवू नगं गड्या, दोन घे." म्हटलं, दे दोन. म्हणाला, "एकच उरलीया. परवा खंडेनवमी, नवा माल दसरा झाल्यावर." बघा! शहाणपणा दोन फ्लॉप्यांचा आणि माल एकीचा! सातही गोष्टी त्या एका काळ्या चौकोनात उतरवल्या, शर्टाच्या खिशात घातल्या, वर हात धरला, आणि सांगलीपासून घरापर्यंत एस.टी.त तसाच उभा. कंडक्टर म्हणाला, "छातीत दुखतंय का काय?" म्हटलं, नाही, सात जण झोपलेत आत. तो बाजूला सरकला.

घरी येऊन फ्लॉपी कोनाड्यात ठेवली. माझाच कोनाडा, माझीच पुस्तकं. आता कसली भीती?

खंडेनवमीच्या सकाळी आबांचा हुकूम, "सया, गाडी नदीवर न्हेऊन धुवून आण." मी एम-एटी घेऊन कृष्णेवर, घासतोय, पुसतोय, घरी येतो तर पाटावर पूजा मांडलेली. कोयता, दोन खुरपी, कुदळ, पहार, आबांचा आर्मीतला पट्टा, आईची विळी… आणि विळीच्या शेजारी, झेंडूच्या दोन फुलांखाली, पिवळीधमक, लालभडक, दुधापाण्यानं ओली, माझी फ्लॉपी!

आई म्हणाली, "आरं, समद्यांची हत्यारं पुजली, तुजंच तेवढं कंप्युटरचं ऱ्हायलं आसतं. म्हनलं, पोरगं एवढं शिकतंय, त्येच्या हत्याराला नगं का? वर कुक्कू काय बसंना, घसराय लागलं. मग ती पत्र्याची चीप हाय न्हवं, ती सरकावली, तर आत काळं मऊ निघालं बग. तितं बसलं झ्याक!"

झ्याक बसलं! माझ्या सात गोष्टींच्या थेट कपाळावर बसलं!

आता आईवर ओरडणार कसा? तिनं ज्या शिक्षणाला कुंकू लावलं ते मी सोडून वर्ष झालेलं. गप फ्लॉपी उचलली, उन्हात वाळवली, दसरा झाल्या झाल्या सांगली गाठली. जोतीरामनं ती नाकाजवळ नेली, "ही फ्लॉपी हाय का पेढा?" तरी बिचाऱ्यानं घातली आत. कर्र… कर्र… खट्. बंद. फ्लॉपी गेली ती गेली, त्याचा ड्राईव्हपण हळद खाऊन बसला. 'ओसरी' उघडली तर पांढरं पान. दीक्षितांना ईमेल केली, दोन दिवसांनी उत्तर आलं, "फार वाईट वाटले. आमच्याकडील प्रत सामान हलवताना गहाळ झाली. आपण स्वतः कॉपी ठेवली नव्हती का?"

न्यू जर्सीत जाऊनही गुंडामामाच निघाला हो!

मग घरी माझा तोल गेला. गुंडामामा ओट्यावर बसून तेच, "कॉपी ठेवली न्हाईस व्हय रं?" आई पदर डोळ्याला लावून, "मला मेलीला काय ठावं?" आणि आबा कोपऱ्यात सुपारी कातरत गप्प. त्या गप्प बसण्याचाच मला जास्त राग आला. म्हटलं, "तुम्हा लोकांना कळतं काय त्यात काय होतं ते? दोन वर्षं होती माझी! एक ओळ तरी माहितीय का तुम्हाला?"

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. उठले. आणि अगदी ताठ उभे राहून, भिंतीकडं बघत म्हणाले,

"गोष्ट पहिली. 'तो हवालदार होऊन घरी आला, पण वागायचं त्याला सुभेदारासारखं होतं. हुकूम सोडायला घरात एकच शिपाई उरला होता. ती त्याची बायको.'"

माझी ओळ! जशीच्या तशी! स्वल्पविरामाला थांबले ते सुद्धा!

मामाचं तोंड उघडं. आईला कळेना रडावं का हसावं. मी विचारलं, "आबा… तुमाला कसं…"

"श्रावणात तुज्या कालेजात गेलतो. तितं म्हनले, ह्या नावाचं पोरगं वर्सभर न्हाई. हुडकत हुडकत त्या जोतीरामाकडं आलो. तू पिच्चरला गेलतास. चष्मा घरी ऱ्हायलेला. त्येनं समद्या सात वाचून दावल्या. तुला सांगू नगं म्हनलो त्येला."

आता हे ध्यानात घ्या, आबा आर्मीत सिग्नलला होते. वायरलेसवर निरोप आला की एक अक्षर न चुकता परत म्हणून दाखवायचा, मगच पुढं धाडायचा. सव्वीस वर्षं तेच काम. पावसाळ्यात एकदा ऐकलेल्या सात गोष्टी आतमध्ये जशाच्या तशा नोंदलेल्या!

म्हटलं, "मग बोलला का नाही? कॉलेजचं, गोष्टीतलं… काहीच?"

"निरोप ऐकला. नोंद घेतली. उत्तर द्यायचा हुकूम न्हवता."

हा माणूस! दोन महिने याच्यासमोर कॉलेजच्या खोट्या परीक्षा देतोय मी, खोटे मार्क सांगतोय, आणि हा माझ्याच गोष्टी पोटात घेऊन भाकरी मोडतोय!

तेव्हापासून रोज दुपारी जेवणं झाली की मी वही घेऊन बसतो आणि ते सांगतात. आवाजात ना राग, ना लोभ. पहिल्या तीन गोष्टी अक्षरशः उतरल्या. मामा दारू पिऊन पडतो तिथं तर पुन्हा दोनदा सांगितलं, नीट लिहून घे म्हणून. मी खूश. चौथीत आलो, तिथं बाप मिरज स्टेशनवर सगळ्यांदेखत पोराच्या थोबाडीत मारतो. आबा म्हणाले, "लिव. 'बापानं हात उचलला. मग खाली घेतला.'"

म्हटलं, "आबा, खाली घेत नाही. मारतो."

"न्हाई मारत."

"आवं मी लिहिलीय ना ती! मूळ प्रतीत मारतो!"

आबांनी माझ्याकडं बघितलं, नोकरीत असताना नव्या शिपायाकडं बघत असतील तसं. "मूळ प्रत कुणाकडं हाय?"

लिहिलं. 'मग खाली घेतला.'

सात कालपरवा संपल्या. म्हटलं, सुटलो. वही मिटायला लागलो तर म्हणाले, "गोष्ट आठवी."

म्हटलं, आठवी नाहीच! सातच होत्या!

"लिव. 'एका बापाचं पोरगं कालेज सोडतं आनि सांगत न्हाई. बापाला ठावं आसतं. पन पोरगं कवा सांगतंय, ह्येची तो वाट बघत बसतो.'"

मी लिहिलं. मग म्हटलं, "आबा, ही काही माझी गोष्ट नाही. खाली नाव तुमचं घालू?"

"माजं कशाला? तुजंच घाल," आबा म्हणाले आणि अडकित्ता उचलला. "शिव्या पडल्या तर तुला पडूदेत."