चिकटपट्टीखालचा शब्द

ताई: आणि ही चिकटपट्टी कुणी लावली मशीनवर?

आई: मी लावली. पट्टीनं काय पीठ नासतं का?

ताई: अगं, चार थर! मशीनचं नावच गायब केलंस तू.

आई: त्यासाठीच लावली. हळू बोल, धाकटा आत ट्रे धुतोय.

ताई: रिटार्डर म्हणतात याला. सगळ्या बेकऱ्यांमध्ये असतं. मळलेलं पीठ थंडीत ठेवायचं, म्हणजे ते सावकाश फुगतं.

आई: तो शब्द माझ्या बेकरीत नको. शाळेत पोरं माझ्या लेकराला मतिमंद म्हणून त्याच शब्दानं चिडवायची, विसरलीस? घरी येऊन विचारायचा, आई, रिटार्ड म्हणजे काय गं?

ताई: मग तू काय सांगायचीस?

आई: काय सांगणार, कपाळ! म्हटलं, इंग्रजीत राजाला म्हणतात.

ताई: राजाला? आई, धन्य आहे तुझी!

आई: हसू नकोस. छाती काढून शाळेत जायचा बिचारा. आता इथं वाचलं तर? उद्या कंपनीचा माणूस येतोय ना, त्याच्याबरोबर हे धूड परत पाठव.

ताई: अगं, मूळ शब्दात वाईट काही नाही. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नुसता ‘हळू’. फ्रेंच लोक उशीर झाला तरी तोच शब्द वापरतात. पाश्चात्त्य संगीतात शेवटी लय उतरवतात, त्याला म्हणतात तोही याच शब्दाचा भाऊबंद. शिवी पोरांनी केली त्याची.

आई: लॅटिन गेलं खड्ड्यात. रडायचं ते माझ्या पोरानं इथंच ना?

ताई: आणि हे मशीन मी कुणासाठी घेतलंय? पीठ भराभर फुगतं, त्याचे हात चालतात त्याच्या चालीनं. मग तू ओरडतेस, सरक बाजूला, आणि पाव वळायचं काम काढून घेतेस. सात वर्षं नुसते ट्रे धुतोय तो!

आई: गिऱ्हाईक दारात उभं असतं गं.

ताई: म्हणून तर! यात पीठ थांबतं त्याच्यासाठी. काल तू बाजारात गेलीस तेव्हा अख्खा घाणा त्यानं एकट्यानं वळला.

आई: कालचे पाव... ते त्याचे? मला वाटलं तुझे. म्हटलं, पोरीचा हात सुधारला!

ताई: घ्या! म्हणजे माझी ही किंमत!

धाकटा: भांडताय का? ट्रे झाले. आई, मशीन परत द्यायचं नाही.

आई: तू ऐकत होतास?

धाकटा: तू हळू बोललीस तरी गल्लीला ऐकू जातं. सरक, पट्टी काढतो. खाली ‘रिटार्डर’ लिहिलंय, मला माहितेय. मशीन आलं तेव्हा मीच पुसलं होतं.

आई: वाईट नाही रे वाटलं?

धाकटा: वाटलं. मग दार उघडून बघितलं. आतलं पीठ मस्त होतं.

आई: आणि ते राजाचं... मी आपलं...

धाकटा: खोटं होतं, ठाऊक होतं गं. मास्तरांना विचारलं होतं दुसऱ्याच दिवशी.

आई: अरे देवा! मग रोज येऊन परत मलाच का विचारायचास?

धाकटा: तू राजा म्हणायचीस ना, म्हणून. चल, हात धू. आज तू माझ्या शेजारी वळायला बस. आणि घाई करायची नाही.