मी मोडायला गेलतो

...आन् वर फोनवर म्हणती कशी, "आजा, मला इथं तूच तर धाडलंस!" मी? तुम्हाला सांगतो, मी तर मोडायला गेलतो! आता तुम्ही म्हणाल, बारकूबाबा, काय मोडायला? थांबा, सांगतो. मला घाईनं बोलता येत नाय, फक्त एकदा सुरू झालो की थांबता येत नाय, एवढंच.

तर आमची स्नेहल. नात. तिचे आई-बाप निम्मं वरीस वणीकडं द्राक्षांच्या कामाला, म्हणून पोरगी वाढली पेठकडं, आमच्या पाड्यावर, माझ्या आन् म्हातारीच्या जवळ. शिकली, पाण्याचंच शिकली, आन् नाशकात द्वारका चौकाजवळ एका संस्थेत लागली. गावोगाव हिंडायचं, विहिरी बघायच्या. इथवर ठीक, शनवारी घरी यायची. एका शनवारी आली ती नाचतच. "आजा, फेलोशिप! दोन वर्षं! समुद्रातल्या बेटावर!" म्हटलं, हे काय असतं बाई? तर म्हणती, एवढेएवढे देश हायेत, चहूकडनं समुद्र, हवामान फिरलंय, समुद्र वर चढाया लागलाय, विहिरी खारट व्हाया लागल्यात, तर तिथल्या लोकांच्या जोडीला पाण्यातली जाणती माणसं धाडत्यात. "अजून निवड व्हायचीय. काम कुणाकडून शिकलीस असं विचारलं, मी तुझं नाव लिहिलंय. ते तुझ्याशी बोलणार!"

माझ्याशी? मला सही येत नाय, अंगठा उठत नाय, इतका झिजलाय, आन् माझ्याशी? काय शिकवलं मी तिला? तर झिरा! उन्हाळ्यात नाला आटला की वाळूत हातभर खड्डा करायचा, बसायचं, पाणी पाझरून येतं, वाटीनं वरचं वरचं घ्यायचं, परत बसायचं. खोल गेलं की गढूळ, घाई केली की गढूळ. ह्याला शिकवणं म्हणत्यात? ह्याला बसणं म्हणत्यात!

आमची म्हातारी, भागीबाई, चुलीपासून म्हणती, "ओ, त्या स्थळाची जमीन किती म्हणं?" मी म्हटलं, दरसाली घटती म्हणं. "आन् तिथं पोरगी द्यायची?" घ्या! आता सांगा, काय चुकलं तिचं? आपण पोरगी देताना जमीन बघतो, पाणी बघतो. हितं जमीन समुद्र खातोय आन् पाणी खारट! म्हटलं, गप ऱ्हा, मी मोडतो.

आता आमच्यात मोडायची रीत हाय बघा. दारात आलेल्या पाहुण्याला तोंडावर नाय म्हणायचं नसतं, पाहुणा दुखावतो. मग काय करायचं? आपल्याच पोरीची खोट काढायची. पाणी द्यायचं, चहा द्यायचा, आन् हळूच म्हणायचं, पोरगी जरा तशीच हाय बरं का... पाहुणा आपसूक चप्पल शोधतो! ह्या हातानं चार स्थळं मोडलीत मी, एकाचंही मन दुखावलं नाय.

गेलो. एसटीनं नाशिक, तिथनं रिक्षानं द्वारका, त्या गर्दीत रस्ता ओलांडायलाच माझा अर्धा दिवस. संस्थेतल्या उज्वलाबाईंनी पडद्यासमोर बसवलं. पडद्यात एक गोरा साहेब आन् त्या बेटाची एक बाई, कुरळ्या केसांची, कानात फूल. मी बोलायचो, उज्वलाबाई इंग्रजीत सांगायच्या. मी सुरू केलं. म्हटलं, साहेब, पोरगी एका जागी बसत नाय हो, पायाला भिंगरी. साहेबानं लिहून घेतलं. म्हटलं, तोंडाची फटकळ, ग्रामसभेत टँकरवरून ग्रामसेवकाला उभा सोलला, मोठ्याची भीड नाय. बाई हसली, लिहून घेतलं. म्हटलं, सैपाक येत नाय, मीठ-भाकरीवर दिवस काढती. लिहिलं! म्हटलं, कामाला धाडली तर विहिरीवर म्हाताऱ्यांशी दिवसदिवस गप्पा हाणत बसती. ती बाई तर खुर्चीतनं पुढंच आली! मी मनात म्हटलं, हे चप्पल का शोधत नायत? मग शेवटचं काढलं, ज्याच्यानं कुठलंबी स्थळ मोडतं. म्हटलं, साहेब, तिला घराची ओढच नाय. आठवण म्हणून काढत नाय.

ते मात्र खोटं. बाकीचं खरं होतं. पाचवीत आश्रमशाळेतनं पायी पळून आलती पोरगी, चार कोस, रडत, आन् माझ्या धोतराला धरून झोपली होती. पण म्हटलं, मोडायचं तर नीट मोडावं.

पंधरा दिवसांनी उज्वलाबाईंचा फोन. "बाबा, अभिनंदन! तुमच्या बोलण्यावरच निवड झाली!"

तुम्हाला सांगतो, मी मोडायला गेलतो!

गेली पोरगी. दोन उन्हाळे गेले. भागीबाई महिनाभर बोलली नाय, आन् बोलली ते काय, "लई हुशार तुम्ही." मी झिऱ्यावर एकटाच. आधी ती असली की पाझर येईस्तोवर बडबड असायची, आता नुसतं पाणी येतं... आन् कधी मधी तेही येत नाय. गुडघे वर उठू देत नायत, मग तिथंच बसून ऱ्हातो. काय करता?

आन् परवा परत बोलावणं. दोन वर्षं भरली, अजून दोन ठेवायची का, म्हणून परत माझ्याशी बोलणार. ह्या वेळेला भागीबाई सोबत आली, पहारा द्यायला. एसटीत पढवत आणलं, "गुण सांगायचे. मवाळ हाय, घरात बसणारी हाय, आमच्याबिगर जेवत नाय. कळलं? म्हणजे देतील धाडून." म्हटलं, कळलं. आता गुणच सांगून मोडतो.

बसलो. पडदा लागला, आन् पडद्यात स्नेहल. वाळली होती, उन्हानं रापली होती. तिच्या बाजूला तिथली एक म्हातारी, आन् दोघींच्या मधी, तुम्हाला सांगतो, वाळूत हातभर खड्डा! तसाच! म्हातारी नारळाच्या करवंटीनं वरचं वरचं घेती, थांबती, परत घेती. स्नेहल म्हणती, "आजा, हितं गोडं पाणी खारटाच्या वर तरंगतं. पंपानं खोलनं ओढत होते म्हणून खारट यायचं. आता वरवरचं घेतो. बसून." म्हातारीनं करवंटी वर करून मला दाखवली आन् प्याली. मोडक्या इंग्रजीत काहीतरी बोललीही. उज्वलाबाई म्हणाल्या, "बाबा, आजी म्हणतात, अजून सात वस्त्यांचं व्हायचंय, पोरीला इतक्यात नेऊ नका."

मग पडद्याच्या कोपऱ्यातनं त्या गोऱ्या साहेबानं विचारलं, उज्वलाबाईंनी सांगितलं, "घराची आठवण काढते का ती? त्रास होत असेल तर परत पाठवू."

स्नेहल खाली बघत होती. वाळूत बोटानं उगाच रेघा ओढत. मला काय दिसत नाय का? भागीबाईनं माझं कोपर दाबलं. जोरात.

मी म्हटलं... नाय साहेब. पोरगी तशीच हाय. वाईट. घराची ओढच नाय तिला.

एसटीत भागीबाई खिडकीकडं तोंड करून बसली. उतरताना म्हणती, "दोनदा मोडायला गेलात, दोनदा जमवून आलात."

तर असं हाय बघा. तुमच्यात कुणाच्या पोरीचं जमत नसंल, तर निरोप धाडा. मी येतो मोडायला.