घरचा माणूस पाण्यावर

मंजू : ...तू फक्त एवढंच म्हण, की मी जहाजातून उतरलो. पुढचं मी पाहून घेते.

रूपेश : अन् उतरलो कुठं म्हणू, ताई? इथं चारही बाजूनं समुद्र हाय. पुढचं बंदर यायला अजून कितीतरी दिवस.

मंजू : इतके दिवस बाबांकडे नाहीत, रूपेश. हर्नियात आतडं अडकलं, काळं पडून राहिलं. डॉक्टर म्हणतात संध्याकाळपर्यंत पोट उघडा, नाही तर घरी घेऊन जा. अन् हे बेडचा रॉड पकडून बसले. कुडव्याहून माझे सासरे आले समजवायला. त्यांनाच म्हणाले, तुमच्या घरचं कोणी पाण्यावर नाही, तुम्ही करून घ्या ऑपरेशन.

रूपेश : दे त्यायले फोन.

(मंजू स्पीकर सुरू करून फोन बापाच्या तोंडाजवळ धरते.)

सुकराम : कोन?

रूपेश : मी, बाबा. रूपेश.

सुकराम : जेवला का?

रूपेश : बाबा, ऑपरेशन काऊन करू देत नाही तुम्ही?

सुकराम : तू कुठी हास?

रूपेश : जहाजावर.

सुकराम : मंग कायले इचारतेस? घरचा मानूस पान्यावर असला, तं घरात कोनी अंगाले पाती लावत नाई. नख नाई, दाढी नाई. अन् हा डाक्टर पोट फाडतो म्हनते.

मंजू : तू गेला तेव्हापासून दाढी नाही केली यांनी. काल वॉर्डातली एक बाई साधू समजून नारळ ठेवून पाया पडून गेली.

सुकराम : तिच्या पोराचं लगन जमत नोतं. मी म्हटलं, जमन.

रूपेश : बाबा, तो नेम एका रातीचा होता. माणूस सांजेला डोंगा घेऊन बांधाच्या पाण्यात मासोळीले जाये, सकाळी वापस ये. मी वर्षभराच्या नोकरीवर हावो.

सुकराम : एकच रात असं कुठी लिवलं हाय?

रूपेश : नेम कुठंच लिवला नाही, बाबा!

सुकराम : मंग.

मंजू : सब बेकार की बातें. झाडूकाका दारू पिऊन बांधात बुडले, तेव्हापासून हे डोक्यात बसलं.

सुकराम : दारू तं तो रोजच पे. बुडला कोनत्या दिवशी? तुया आज्यानं नखं काढली, त्या दिवशी.

मंजू : अन् हा रूपेश तिथं दिवसभर चाकू चालवतो, ते चालते?

रूपेश : टरबुजाचे हंस कोरतो, बाबा. जेवणाच्या टेबलावर मांडायले.

सुकराम : पान्यावरच्याले चालते. नेम काठावरच्याचा. ...हंस खातेत का मंग?

रूपेश : नाही. फोटो काढतेत अन् फेकून देतेत.

सुकराम : बापा.

मंजू : रूपेश, यांचे पाय थंड पडून राहिले. बर्फासारखे. कर ना रे काही!

रूपेश : थांब, फोन ठेवू नको. मी वर जाऊन राहिलो. ...बाबा, ऐका. इथं सगळ्यात वरच्या मजल्यावर बाग हाय. खरी माती, खरं गवत. आमच्यासारख्यायले इथं यायची मनाई हाय, कोणी पाहिलं तं नोकरी जाईन. पण मी जोडे काढून उभा हावो. पाय मातीत हायेत. झालं? आता मी जमिनीवर.

सुकराम : वली हाय का माती?

रूपेश : ओली हाय.

सुकराम : तिच्या खाली काय हाय?

रूपेश : नाचायचा हॉल.

सुकराम : त्याच्या खाली?

रूपेश : दुकानं. मग जेवायची जागा. मग आमच्या खोल्या.

सुकराम : अन् तुया खोलीच्या खाली?

रूपेश : ...पाणी.

सुकराम : मंग पान्यावरच हास.

मंजू : डॉक्टर पुन्हा येऊन गेले. म्हणाले, तुमचा पेशंट हो म्हणत नाही, अन् आम्हाला दुसरे पेशंट आहेत.

रूपेश : बाबा. नेम घरच्या माणसाचा ना?

सुकराम : हो.

रूपेश : केशोराव काका तं अजूनही बांधात जाते. त्याच्यासाठी थांबवली का कधी दाढी?

सुकराम : त्याच्यासाठी कायले? तो येगळा निघाला. चूल येगळी, तं नेम येगळा.

रूपेश : मंग मी वेगळा निघतो.

मंजू : रूपेश!

रूपेश : आत्ता. इथूनच. तू साक्षीले हास, ताई.

सुकराम : असा फोनवर कोनी येगळा निघते का? वाटनी लागते. वाटा मागतल्याबिगर कोनी येगळा होत नाई.

रूपेश : मागतो. जाळं द्या.

सुकराम : मोठं नाई देत.

रूपेश : लहान द्या.

सुकराम : ते फाटलं हाय. तू येशीन तवा दोघं मिरून शिवू म्हनत होतो.

मंजू : द्या ना हो बाबा, फाटकं तर फाटकं!

सुकराम : देल्लं. डोंगा मायाकडं रायते. तुले तं मोठा डोंगा हाय.

रूपेश : राहू द्या. मागची पडवी द्या मले. चूल तिथं मांडतो.

सुकराम : तिथं कोंबड्या बसतेत.

रूपेश : कोंबड्या तुमच्या.

सुकराम : हांडा?

रूपेश : हांडा तुमचा, बाबा. सगळं तुमचं. जाळं अन् पडवी, बस.

सुकराम : मंग आता म्हनून दाखव. केशोराव दारात उभा राहून म्हनला होता. साऱ्या गावानं आयकलं.

रूपेश : ...आजपासून मी तुमच्या चुलीचं खाणार नाही. मी सुकरामच्या घरचा नाही.

सुकराम : आयकू नाई आलं.

रूपेश : मी सुकरामच्या घरचा नाही! ...नाही! ...बाबा, लोक पाहून राहिले.

सुकराम : कोन लोक?

रूपेश : गवतावर पडलेले गोरे. एकानं टाळ्या वाजवल्या.

सुकराम : चालते. साक्षीदार झाले.

मंजू : सोडला! रूपेश, रॉड सोडला यांनी! सिस्टर, हो म्हणतात! जल्दी ले जाओ!

सुकराम : थांब वो. फोन इकडं धर. रूपेश?

रूपेश : हावो, बाबा.

सुकराम : तुया घरी आता मानसं कोन कोन?

रूपेश : मीच.

सुकराम : मंग तू पान्यावर असला, तं तुयासाठी काठावर कोन?

रूपेश : कोणी नाही, बाबा.

सुकराम : ...मंग कठड्याजवर नको उभा रावू.