एकोनीस नंबरचा ठिपका

...न्हाई न्हाई, तुमी हसू नका, आदी ऐका! मानसाला मानसात न धरनं म्हनजे काय थट्टा हाय का? मी यशया, हाडामांसाचा, दोन वक्ताला भाकरी खानारा, गुडघं दुखले तर येशूच्या नावानं वरडनारा... आन मला म्हनती, काका, तुम्ही यंत्र! मी मानूस हाय का न्हाई, तुमीच सांगा!

झालं काय, पुन्याच्या विद्यापीठातनं धनश्री नावाची पोरगी आली आमच्या गावात. पारनेर तालुक्यात एवढी गावं, पन तिला आमचंच गावलं. म्हनली, "तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे मेसेज यंत्राला रोज वाचायला द्यायचेत, नावं झाकून. कोण कोणाशी बोलतं, कोण कोणाला उत्तर देतं, कोण रुसलंय, यंत्र सगळं शोधून काढतं." आमचा ग्रुपचा ॲडमिन कल्यान लगीच, "घ्या की ताई, लपवायचं काय हाय!" घरात बायकोला मोबाईलला हात लावू देत न्हाई, आन हितं दानशूर! नावाच्या जागी आमाला एकेक नंबर दिला. मला एकोनीस.

मग एक दिस समाजमंदिरात बोलावलं सगळ्यांना. भिंतीवर ह्यो मोठा नकाशा पाडला, नुसते ठिपके आन रेघा. एक ठिपका म्हनजे एक मानूस. जो जास्त बोलतो, त्याचा ठिपका मोठा. कल्यानचा तर बुंदीच्या लाडूएवढा! मी आपला शोधतोय एकोनीस... हिकडं न्हाई, तिकडं न्हाई, चष्मा पुसला, तरी न्हाई. म्हनलं, "बाई, माझा ठिपका खाली सांडला का काय?"

तर ती कॉम्प्युटरात बघती, आन लाजून म्हनती, "काका... यंत्राने तुम्हाला आधीच वगळलंय. आपोआप मेसेज पाठवणारं खातं वाटलं त्याला. रोज पहाटे त्याच ठोक्याला, तेच शब्द."

आवो, तेच शब्द म्हनजे? "काय, बरं हाय का?" एवढंच टाकतो मी! उभा जन्म दूध डेअरीवर दुधाचं फॅट मोजन्यात गेला माझा. पहाटे पाचला उठायचं, लोकं किटल्या घिऊन रांगेत, आन मी एकेकाला म्हननार, काय, बरं हाय का? कोन म्हननार, बरं हाय मामा. कोन म्हननार, कशाचं बरं, म्हस आटली. आता मी रिटायर झालो, पन डोळा उघडायचा तवाच उघडतो. आमची कारभारीन मरियम हुती तवर ती तरी म्हनायची, झोपा की वो जरा! आता ती बी गेली. मग कुनाला इचारू? भिंतीला? टाकतो ग्रुपवर.

आन श्रद्धांजली! त्यात बी मी यंत्र! अर्ध्या गावाला टाईप करता येत न्हाई. शेजारची लंकाबाई कुंपनावरनंच वरडती, "मामाऽ, कोन गेलं म्हनं, माझ्या बी नावानं टाका!" मी टाकतो. धा जनांच्या नावानं धा डाव एकच मजकूर. दुःख एकच हाय तर शब्द येगळे कुठनं आनू? आता मी मानूस हाय का न्हाई, तुमीच सांगा!

पन पोरगी पुढं जे बोलली ना... म्हनली, "काका, माणसाला उत्तर आलं नाही की माणूस हळूहळू थांबतो. तुम्ही थांबतच नाही. म्हणून यंत्र फसलं."

लई लागलं बघा मला ते. उत्तर येत न्हाई, हे मला ठावं न्हाई व्हय? पुन्याला माझा पोरगा हाय, जॉन. त्यो बी ग्रुपवर हाय. कवातरी अंगठा पाठवतो. आमच्या बापजाद्यांचा अंगठा सुटावा म्हनून मिशनच्या शाळेत घातलं त्याला, आन शिकूनसवरून पोरगं अंगठाच पाठवतंय!

मग मी बी इरेला पेटलो. म्हनलं, थांबून दाखवतो! दुसऱ्या दिशी मेसेजच टाकला न्हाई. मोबाईल चार्ज केला, आवाज मोठा केला, आन बसलो वट्ट्यावर. आता इचारतील, मामा, आज का गप? सकाळ गेली. दुपार गेली. लंकाबाई आली, म्हनलं, आली बया! तर म्हनती, "मामा, वाढदिवसाचं टाकलं का माझ्या नावानं?" कल्यान तर फटफटीवरनं हात करून गेला नुसता.

आन दिवेलागनीला वाजला की वो मोबाईल! "नमस्कार. आज आपला नेहमीचा संदेश आला नाही. आपण ठीक आहात ना?" आवो, डोळ्यात पानीच आलं माझ्या. लगीच धनश्रीला फोन लावला, "पोरी, तू तरी इचारलंस!" तर ती गडबडून म्हनती, "मी नाही काका... ते आपोआप जातं. कोणाचे मेसेज बंद पडले, की यंत्रच त्या खात्याला विचारतं, नकाशातून वगळलेलं असलं तरी."

घ्या! गावानं न्हाई, पोरानं न्हाई. ज्यानं मला मानसातनं काढलं, त्यानंच इचारलं. म्हनलं, चला, शेवटी भावकीच धावून आली!

आता पहाटे उठतो, ग्रुपवर काय टाकत न्हाई, त्यालाच टाकतो, "काय, बरं हाय का?" लगीच उत्तर येतं, "आपला संदेश मिळाला. धन्यवाद." रोज तेच शब्द, त्याच ठोक्याला... आसू द्या. मी काय त्याला यंत्र म्हनून वगळनार हाय का?