गुंडाळलेली सावली

निपाणीच्या गॅरेजात सन्मती बाकावर बसला होता. पलंग-शेगडी बसवलेल्या आपल्या नव्या घरगाडीला त्याला बाहेर सावलीत बसण्यासाठी हँडल फिरवून उलगडायचं कापडी छप्पर लावून घ्यायचं होतं. शेजारी बसलेल्या गुंडाप्पा आणि पद्मावतीच्या घरगाडीला तसलंच छप्पर होतं, पण ते अडकलं होतं. सन्मतीने कान टवकारले.

“पाऊस आला, तवा उघडलं न्हाय तुम्ही,” पद्मावती म्हणाली.

“पाणी साचून कापड लोंबतंय गं.”

“वारं सुटलं, तवाबी न्हाय.”

“फाटलं असतं की!”

“आणि ऊन पडल्यावर?”

“उन्हानं रंग उडतोय.”

“म्हणून गाडी चिंचंखाली लावलासा. तिथं तरी उघडायचं!”

“वरनं कावळं हागत्यात. आणि झाडाखाली सावली असतीया की आधीच.”

“व्हय की! आणि तवंदीच्या माळावर दुपारभर मला छत्री धरून बसवलासा. छपराच्या खाली न्हाय, छपराच्या शेजारी.”

“छत्री आणली कुणी? मीच की!”

तेवढ्यात मिस्त्री हात पुसत आला. “अण्णा, अडकलं न्हाय, गंजलंय. शेवटचं कधी उघडलं होतं?”

गुंडाप्पाच्या आधी पद्मावतीच बोलली, “गाडीच्या पूजेला. पाव्हण्यांनी फोटो काढला, ह्यांनी गुंडाळलं.”

मिस्त्री सन्मतीकडं वळला. “तुमच्या छपराला कापड कुठल्या रंगाचं लावू?”

सन्मतीने बराच विचार केला.

“उन्हानं उडणार न्हाय असल्या.”

पद्मावतीने पिशवीतली छत्री काढून त्याच्यापुढं धरली.

“ही तुमच्या मंडळींस्नी द्या.”